हजेरीपटावरील नाव : दक्षिण सुदानातील एका मिशन शाळेचा दिवस

ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार संपूर्ण ख्रिस्तसभेत ‘जागतिक मिशन रविवार’ म्हणून पाळला जातो. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस ठरवून दिला. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामांतून प्रेषितकार्यासाठी दान गोळा होते, प्रवचनात दूरदेशीच्या मिशनरींचा उल्लेख होतो, त्यांच्यासाठी प्रार्थना केली जाते. मात्र हे मिशनरी तेथे दिवसभर नेमके काय करतात, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात अनुत्तरित राहतो. काहींच्या डोळ्यांसमोर जंगलात क्रूस घेऊन उभ्या असलेल्या जुन्या चित्रांतील धर्मगुरूची मूर्ती येते, तर काहींना वाटते की, आता जगात सगळीकडे शाळा आणि इस्पितळे झाली, तेव्हा मिशनरींचे काम संपले असावे.

या प्रश्नाचे उत्तर एखाद्या मोठ्या सिद्धांतातून देण्यापेक्षा एका शाळेच्या आधाराने द्यावे, असे आम्ही ठरविले. शाळा लहान आहे आणि तिचे गाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलेही नसेल. दक्षिण सुदानातील रुम्बेक या गावाजवळ माकेर कुएई येथे लोरेटो धर्मभगिनी ही मुलींची माध्यमिक शाळा चालवितात. तेथे शिक्षकाच्या हातातील सर्वांत महत्त्वाची वस्तू खडू नसून हजेरीपट आहे, असे आम्हांस वाटते. तसे का, हे पुढील मजकुरावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

देश आणि धर्मप्रांत

दक्षिण सुदान हे जगातील सर्वांत तरुण राष्ट्रांपैकी एक. ९ जुलै २०११ रोजी ते सुदानपासून वेगळे होऊन स्वतंत्र झाले. त्यापूर्वी १९८३ ते २००५ अशी बावीस वर्षे तेथे यादवी युद्ध धुमसत होते व त्यात सुमारे वीस लाख माणसे मृत्युमुखी पडली, असे मानले जाते. जानेवारी २००५ मध्ये शांतता करार झाला. स्वातंत्र्यानंतर जेमतेम अडीच वर्षांत, डिसेंबर २०१३ मध्ये, नव्या राष्ट्रातच पुन्हा युद्ध पेटले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये नवा समझोता झाला, परंतु त्यानंतरही ठिकठिकाणी रक्तपात होतच राहिला.

बावीस वर्षांच्या युद्धात एका संपूर्ण पिढीची शाळा बुडाली. ज्या शाळा चालल्या, त्यांतील कितीतरी झाडाखाली भरत. बुंध्याला टेकविलेला फळा, जमिनीवर बसलेली मुले आणि स्वतः जेमतेम प्राथमिक इयत्ता पार केलेला शिक्षक, असे त्यांचे स्वरूप होते. २००९ साली झालेल्या घरोघर पाहणीत प्रौढांपैकी फक्त २७ टक्के लोकांना लिहिता-वाचता येत असल्याचे आढळले, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण अवघे १६ टक्के होते. शंभर स्त्रियांपैकी चौऱ्याऐंशी जणींना स्वतःचे नाव वाचता येत नव्हते, असा याचा अर्थ.

रुम्बेक हे लेक्स राज्याचे मुख्य ठिकाण. या प्रदेशात प्रामुख्याने डिंका लोकांची वस्ती आहे. १९७४ साली रुम्बेक धर्मप्रांताची स्थापना झाली. युद्धाच्या काळात कोंबोनी संघाचे इटालियन मिशनरी बिशप चेझारे माझ्झोलारी यांनी या धर्मप्रांताची धुरा वाहिली. मुलींच्या शिक्षणावाचून या समाजाची जखम भरून येणार नाही, हे ओळखून त्यांनी लोरेटो भगिनींना आपल्याकडे पाचारण केले. राष्ट्राचा स्वातंत्र्यदिन त्यांनी डोळे भरून पाहिला व त्यानंतर एकाच आठवड्याने, १६ जुलै २०११ रोजी, मिस्साबलिदान अर्पण करीत असतानाच त्यांना देवाज्ञा झाली. पुढे जवळजवळ दहा वर्षे या धर्मप्रांताला बिशप नव्हते. शाळा मात्र चालूच राहिली.

भगिनी आल्या, शाळा उभी राहिली

लोरेटो भगिनींचे नाव आपल्याला परके नाही. स्त्रियांनी मठाच्या भिंतींबाहेर पडून मुलींना शिकवावे, हा विचार सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या मेरी वॉर्ड यांनी मांडला. १६०९ साली त्यांनी आपल्या संघाचा पाया घातला. तो विचार त्या काळास इतका अवघड वाटला की, १६३१ मध्ये त्यांचा संघ बरखास्त करण्यात आला आणि स्वतः मेरी वॉर्ड यांना काही काळ बंदिवासही सोसावा लागला. पुढे याच परंपरेतून आयर्लंडमध्ये लोरेटो शाखा बहरली आणि १८४१ साली तिच्या भगिनी कोलकात्यास आल्या. त्याच संघाची एक तरुण भगिनी १९२९ मध्ये कोलकात्यास पोहोचली व एंटाली येथील सेंट मेरीज शाळेत पुष्कळ वर्षे शिकवीत राहिली. तिला आज आपण कोलकात्याच्या संत तेरेसा म्हणून वंदन करतो. रस्त्यावरील मरणासन्नांकडे वळण्यापूर्वी मदर तेरेसांचे पहिले प्रेषितकार्य फळ्यासमोर उभे राहून झाले होते, हे आपण सहसा विसरतो.

रुम्बेकची माध्यमिक शाळा २००८ साली मोजक्या मुलींनिशी सुरू झाली. आयर्लंडच्या सिस्टर ओर्ला ट्रेसी २००६ मध्येच दक्षिण सुदानात दाखल झाल्या होत्या व शाळेची जबाबदारी पुढे त्यांनी सांभाळली. कालांतराने शेजारच्या खेड्यांतील मुलामुलींसाठी प्राथमिक शाळा व एक दवाखानाही उभा राहिला. मार्च २०१९ मध्ये सिस्टर ओर्ला यांना अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा ‘इंटरनॅशनल वुमन ऑफ करेज’ हा धैर्याबद्दलचा पुरस्कार मिळाला. शाळेत शिकविणाऱ्या एका भगिनीला धैर्याचे पारितोषिक का मिळावे, असे आपल्याकडील वाचकाला वाटेल. त्याचे कारण तेथील दिनक्रमातच सापडते.

शाळेचा दिवस

या भागातील मिशन शाळा बहुधा निवासी असतात. घर ते शाळा हे अंतर मोठे, वाटा असुरक्षित आणि पावसाळ्यात बंद. त्यामुळे निवासाची सोय नसेल तर माध्यमिक शिक्षण मुलींच्या आवाक्यातच येत नाही. शाळेचे आवार कुंपणाने वेढलेले असते. आत आंब्याची झाडे, बैठ्या वर्गखोल्या, मुलींची शयनगृहे, बोअरचे पाणी आणि छपरावर सौरऊर्जेच्या ताटल्या. गावोगाव पोहोचणारी वीज त्या देशात नाही. सूर्य मावळल्यानंतरचा अभ्यास दिवसभर साठविलेल्या उन्हावरच होतो.

दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो, कारण दुपारच्या उन्हात डोके चालत नाही. मुली उठून मच्छरदाण्या गुंडाळतात, पाणी भरतात, आवार झाडून काढतात. सकाळच्या प्रार्थनेत आदल्या रात्री ज्या गावावर हल्ला झाला असेल त्या गावाचे नाव येते, कधी एखाद्या मुलीच्या भावाचे. मग न्याहारी, परिपाठ, राष्ट्रगीत आणि हजेरी.

तेथील अन्नाविषयी वाचले तेव्हा आम्हांस विशेष जवळीक वाटली. दक्षिण सुदानचे मुख्य धान्य ज्वारी हेच आहे. ज्वारीच्या आंबविलेल्या पिठाची पातळ पोळी ते करतात, तिला किस्रा म्हणतात. पीठ शिजवून केलेल्या घट्ट गोळ्याला असिदा म्हणतात. शाळांमध्ये असिदा अथवा मक्याच्या पिठाचा तसाच गोळा आणि सोबत घेवड्याची उसळ, हे नेहमीचे जेवण. भुईमूगही तेथे पिकतो. सोलापूर वा अहिल्यानगरच्या शेतकऱ्याला त्या जमिनीवर फारसे परके वाटणार नाही. मात्र आपल्याकडे शाळेतील जेवण म्हणजे शिक्षणाला दिलेली जोड असते, तर तेथे ते पुष्कळदा शाळेत टिकून राहण्याचे पहिले कारण असते. जागतिक अन्न कार्यक्रमाकडून त्या देशातील शाळांना धान्य मिळत आले आहे. पावसाळ्यात, म्हणजे साधारण मे ते ऑक्टोबर या काळात, रस्ते चिखलात बुडतात आणि मालमोटारी दिवसचे दिवस अडकून पडतात. म्हणून धान्य, वह्या, औषधे, साबण यांची तरतूद आधीच करून ठेवावी लागते. शिकविणाऱ्या भगिनीला कोठाराचा हिशेबही तोंडपाठ असावा लागतो.

कोरड्या ऋतूत वेगळीच अडचण उभी राहते. मार्च २०२४ मध्ये तापमान ४५ अंशांपर्यंत जाण्याचा इशारा मिळाल्याने सरकारने देशातील सर्व शाळा बंद ठेवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये उष्म्यामुळे विद्यार्थी कोसळू लागले, तेव्हा पुन्हा दोन आठवडे शाळा बंद राहिल्या. शाळेची घंटा वाजणार की नाही, हे तेथे पाऊस, ऊन आणि बंदुका मिळून ठरवितात.

शिक्षकाच्या वाट्याला आणखी एक काम येते, आणि ते म्हणजे शुश्रूषेचे. हिवताप हा तेथील नित्याचा पाहुणा. तापाने फणफणलेल्या मुलीला दवाखान्यात नेणे, रात्री तिच्या उशाशी बसणे आणि सकाळी वर्गावर हजर राहणे, हे सर्व एकाच व्यक्तीला करावे लागते. मासिक पाळीच्या दिवसांत साधे कापड नाही म्हणून शाळा चुकविणाऱ्या मुली या देशात असंख्य आहेत. मुलींच्या शाळेत ही गोष्ट संकोच न करता सोडवावी लागते. कापड शिवणे, ते स्वच्छ ठेवणे, त्याविषयी मोकळेपणाने बोलणे, हाही तेथे अभ्यासक्रमाचाच एक भाग होऊन बसतो. महिन्यातील चार-पाच दिवसांची गैरहजेरी वर्षाअखेरीस किती होते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

वर्गात

एकाच वर्गात चौदा वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांची तरुणी शेजारी-शेजारी बसलेल्या असतात. युद्ध, स्थलांतर आणि दारिद्र्य यांमुळे कोणाची तीन वर्षे वाया गेलेली, कोणाची सहा. त्या देशात आठ वर्षे प्राथमिक आणि चार वर्षे माध्यमिक अशी शिक्षणाची रचना आहे. माध्यमिक शाळेच्या दारापर्यंत पोहोचलेली मुलगी म्हणजे आठ वर्षांची चाळणी पार करून आलेली मुलगी होय.

शिक्षणाची भाषा हा मोठा अडसर. घरची भाषा डिंका, बाजारात जुबाई अरबी आणि स्वतंत्र राष्ट्राची राजभाषा इंग्रजी. युद्धकाळात उत्तरेकडे खार्टुममध्ये वाढलेली मुलगी अरबीतून शिकलेली असते. युगांडा वा केनियातील निर्वासितांच्या छावणीतून परतलेली मुलगी अस्खलित इंग्रजी बोलते, तर गुरांच्या तळावरून आलेलीला यांपैकी एकही भाषा येत नाही. शिक्षक स्वतः केनियाचा, युगांडाचा किंवा आयर्लंडचा असू शकतो. विज्ञानाचा एक धडा शिकविताना आधी त्यातील शब्द शिकवावे लागतात, मग त्या शब्दांमागील वस्तू, आणि त्यानंतर कुठे विज्ञान.

पाठ्यपुस्तकांचीही हीच कथा. पुष्कळ वर्षे तेथील शाळा शेजारच्या देशांची पुस्तके वापरीत. दक्षिण सुदानचा स्वतःचा राष्ट्रीय अभ्यासक्रम २०१५ साली जाहीर झाला आणि त्याची पुस्तके त्यानंतर काही वर्षांनी शाळांपर्यंत पोहोचू लागली. तोपर्यंत मुले दुसऱ्यांच्या नद्या, दुसऱ्यांचे राजे आणि दुसऱ्यांची शहरे पाठ करीत राहिली. आपल्या गावाचे नाव छापील पुस्तकात पाहण्याचा आनंद आपल्याकडील मुलांना सहज मिळतो. तेथे त्यासाठी एक राष्ट्र जन्माला यावे लागले.

आणि वर्गातील शांतता ही तेथे गृहीत धरण्याची गोष्ट नाही. लेक्स राज्यात डिंका लोकांच्याच निरनिराळ्या कुळांमध्ये गुरांच्या चोरीवरून व जुन्या खुनांवरून सूडाचे चक्र वर्षानुवर्षे फिरत राहिले आहे. दोन वैरी कुळांतील मुली एका शयनगृहात झोपतात, एका पातेल्यातील जेवतात. बाहेर त्यांच्या भावांनी एकमेकांवर बंदुका रोखलेल्या असताना आत त्यांनी एका बाकावर बसून गणित सोडवावे, ही साधी गोष्ट नव्हे. शांतीचे शुभवर्तमान तेथे प्रवचनाआधी बाकावरील जागांच्या वाटपात सांगितले जाते.

गाई, देज आणि एक करार

आता हजेरीपटाकडे वळू. त्यावर यार, आयेन अशी नावे आढळतात. डिंका भाषेत यार हे पांढऱ्या गाईवरून आलेले नाव, तर आयेन पिवळसर गाईवरून. आपण धवळी, कपिला अशी नावे गाईंना देतो, डिंका माणूस गाईचे नाव आपल्या लाडक्या मुलीला देतो. यात कोणताही अपमान नाही. गाय ही त्यांची संपत्ती, प्रतिष्ठा, कविता आणि दुष्काळातील शेवटचा आधार असते.

मात्र याच गाई मुलीच्या शिक्षणाच्या आड येतात. डिंका समाजात विवाहाच्या वेळी वराकडील मंडळी वधूच्या घराला गाई देतात. आपल्याकडे वारली व अन्य आदिवासी समाजांत ‘देज’ देण्याची जी चाल आहे, तिच्याशी हिचे साम्य आहे. फरक आहे तो प्रमाणाचा. तेथे हा आकडा काही दशकांपासून शंभराच्याही पुढे जातो. २०१८ साली या प्रदेशातील एका अल्पवयीन मुलीसाठी पाचशेच्या आसपास गाई, मोटारगाड्या आणि रोख रक्कम अशी बोली लागल्याची बातमी जगभर गाजली होती.

हुंड्याच्या समाजात मुलगी ओझे ठरते, तर देजाच्या समाजात ती ठेव ठरते. दोन्हीकडे तिला विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. परंतु डिंका पित्याला केवळ लोभी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. मुलीच्या लग्नात आलेल्या गाईंवरच तिच्या भावाचे लग्न अवलंबून असते. त्या गाई काका-मामांत वाटल्या जातात आणि त्यांतून नात्यांचे जाळे विणले जाते. युद्धात सर्वस्व गमावलेल्या, पीक बुडालेल्या कुटुंबाला घरातील पंधरा वर्षांची मुलगी हा जगण्याचा एकमेव मार्ग दिसतो. २०१० च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार त्या देशातील सुमारे ५२ टक्के मुलींची लग्ने अठरा वर्षांच्या आत होत होती. २००८ च्या बालहक्क कायद्याने अशा विवाहांपासून मुलींना संरक्षण दिले आहे. तथापि कायद्याची प्रत जुबाच्या कचेरीत असते आणि गाई अंगणात बांधलेल्या असतात.

अशा परिस्थितीत लोरेटो भगिनींनी प्रवेशाच्या वेळीच एक अट घातली. मुलीच्या पालकांनी अथवा जबाबदार नातेवाइकांनी लेखी वचन द्यायचे की, शिक्षण पूर्ण होईपर्यंत तिला लग्नासाठी शाळेतून काढून नेणार नाही. आपल्याकडे प्रवेश अर्जावर पालकांची सही ही एक औपचारिक बाब असते. तेथे ती सही म्हणजे एका कुटुंबाने काही वर्षांपुरता केलेला मोठा त्याग होय. ही सही मिळविण्यासाठी भगिनींना व शिक्षकांना वडीलधाऱ्यांशी, कुळाच्या प्रमुखांशी पुनःपुन्हा बोलावे लागते.

आणि सही झाली म्हणून धोका टळत नाही. सुट्टीत घरी गेलेली मुलगी परत येईलच याची शाश्वती नसते. वडील निवर्तले की काकांना जुना शब्द बांधून ठेवीत नाही. मुलीला न्यायला नातेवाईक हत्यारांसह शाळेच्या फाटकाशी आल्याचे प्रसंगही सिस्टर ओर्ला यांनी मुलाखतींतून सांगितले आहेत. अशा वेळी फाटकात उभी राहणारी भगिनी कोणते शस्त्र घेऊन उभी असते? तिच्याजवळ करारपत्र असते, गावातील वडीलधाऱ्यांशी जोडलेले नाते असते आणि ‘ही मुलगी माझ्या हजेरीपटावर आहे’ हे सांगण्याचा निर्धार असतो. धैर्याच्या पारितोषिकाचा अर्थ येथे उलगडतो.

यातही एक पेच आहे. शिकलेल्या मुलीला अधिक गाई मिळतात, असा विचार आता तेथे काही घरांतून ऐकू येतो आणि त्यामुळे काही पालक शिक्षणाला राजी होतात. मुलगी वर्गात राहते हे खरे, परंतु तिची किंमत गाईंतच मोजली जाते हेही तितकेच खरे. शाळेला मान्य असलेले सत्य वेगळे आहे. प्रत्येक मुलगी देवाच्या प्रतिरूपात घडलेली आहे आणि तिचे मोल कोणत्याही चलनात करता येत नाही, हे ते सत्य. ते एका पिढीत रुजत नाही. तोवर जी दारे उघडी मिळतात त्यांतून मुलींना आत घ्यावे आणि आत आल्यावर त्यांना स्वतःचे मोल स्वतः ओळखू द्यावे, एवढेच शिक्षकाच्या हाती असते.

शाळा बंद राहते तेव्हा

शाळेच्या कुंपणाचे महत्त्व महामारीने दाखवून दिले. मार्च २०२० मध्ये दक्षिण सुदानातील शाळा बंद झाल्या, त्या मे २०२१ मध्ये उघडल्या. चौदा महिने! आपल्याकडेही शाळा दीर्घकाळ बंद होत्या, पण पुष्कळ घरांत निदान दूरध्वनीच्या पडद्यावर शिक्षक दिसत होते. तेथे मुली घरी परतल्या त्या थेट लग्नाच्या बोलण्यांत. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा देशभरातील कितीतरी मुलींची नावे पुकारली गेली आणि उत्तर आले नाही. कोणी विवाहित झाल्या होत्या, कोणी माता झाल्या होत्या. ज्या परत आल्या त्यांच्यासाठी दारे उघडी ठेवणे, तान्हे मूल घरी ठेवून बाकावर बसणाऱ्या मुलीला सांभाळून घेणे, हे त्या काळात शिक्षकांपुढील मोठे काम होते.

त्याच सुमारास रुम्बेक धर्मप्रांतावर आणखी एक आघात झाला. नवनियुक्त बिशप क्रिस्तियन कार्लास्सारे यांच्यावर एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्या निवासस्थानी रात्री हल्ला झाला व दोन्ही पायांत गोळ्या घालण्यात आल्या. त्यांनी हल्लेखोरांना क्षमा केली, उपचार घेतले आणि मार्च २०२२ मध्ये रुम्बेकमध्येच त्यांचा बिशपपदाचा दीक्षाविधी पार पडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुबाला शांतीची यात्रा केली, तेव्हा हेच बिशप गोळ्या लागलेल्या त्या पायांनी आपल्या तरुण श्रद्धावंतांसह रुम्बेकहून जुबापर्यंत सुमारे चारशे किलोमीटर चालत गेले. नऊ दिवसांच्या त्या पदयात्रेत लोरेटोच्या विद्यार्थिनी आणि सिस्टर ओर्लाही होत्या. ज्या गावांची नावे मुलींनी केवळ वैरी म्हणून ऐकली होती, त्या गावांनी वाटेत त्यांना पाणी दिले, गाणी गाऊन त्यांचे स्वागत केले. भूगोलाचा इतका चांगला धडा कोणत्याही वर्गात शिकविता आला नसता.

हे प्रेषितकार्य आहे का ?

आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका येईल. मुलींना बीजगणित आणि जीवशास्त्र शिकविणे हे समाजकार्य झाले, यात ख्रिस्ताची घोषणा कोठे आहे? शाळेत प्रार्थना होते, मिस्सा होते, धर्मशिक्षणही होते. परंतु शंकेचे खरे उत्तर याहून खोल आहे.

सुदानच्या भूमीत आपले आयुष्य वेचणारे संत डॅनिएल कोंबोनी यांनी १८६४ साली आपली योजना मांडली होती. आफ्रिकेचे पुनरुज्जीवन आफ्रिकेच्याच लेकरांकडून व्हावे, हा तिचा गाभा होता. बाहेरून आलेल्याने कायमचे मालक होऊन बसावयाचे नाही. शिक्षक, परिचारिका, धर्मगुरू, धर्मभगिनी त्याच मातीतून घडवावयाचे आणि आपण बाजूला व्हावयाचे. रुम्बेकमध्ये ही योजना आकारास येताना दिसते. शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मुलींपैकी काही जणी परतून तेथील प्राथमिक शाळेत आणि दवाखान्यात हातभार लावू लागल्या. दक्षिण सुदानातच याम्बिओ येथे अनेक व्रतस्थ संघांनी एकत्र येऊन शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय चालविले आहे. निरनिराळ्या संघांतील भारतीय धर्मगुरू व धर्मभगिनीही त्या देशात सेवा देत आले आहेत.

शंभरातील एक मेंढरू हरविले म्हणून नव्याण्णव सोडून त्याच्या शोधार्थ निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. त्या मेंढपाळाला एक मेंढरू हरविल्याचे कळले कसे? कारण त्याने मोजले होते. मोजणे ही प्रेमाची पहिली पायरी आहे. रोज सकाळी नाव पुकारणे, उत्तर आले नाही तर का आले नाही याची चौकशी करणे, आणि त्या चौकशीसाठी गरज पडल्यास गुरांच्या तळापर्यंत चालत जाणे, यात ख्रिस्ताची घोषणा नसेल तर ती कोठे आहे? सुदानच्याच संत जोसेफिन बखिता यांना गुलामांच्या व्यापाऱ्यांनी लहानपणी पळविले. त्या आघाताने त्या स्वतःचे मूळ नावसुद्धा विसरून गेल्या होत्या. ज्या भूमीत माणसाचे नाव असे पुसले गेले, तेथे प्रत्येक मुलीचे नाव रोज आदराने उच्चारणारी शाळा ही शुभवर्तमानाची साक्षच होय.

आपल्याशी नाते

महाराष्ट्रातील कॅथॉलिक समाजाला हे सारे समजणे अवघड जाऊ नये. आपल्या वसईत, ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात, संगमनेर-राहाता परिसरात मिशनच्या शाळा आणि वसतिगृहे अशीच लहान सुरुवातीतून उभी राहिली. आज आपल्यापैकी कित्येक जण शिक्षक, परिचारिका, अभियंते, अधिकारी झाले आहेत. आपल्या आजी-पणजीच्या पिढीत कोणा परदेशी वा परप्रांतीय फादरने किंवा सिस्टरने घरी येऊन ‘मुलीला शाळेत पाठवा’ म्हणून विनविले होते, हे आपल्या अनेक घरांतून सांगितले जाते. तेव्हा त्यांनी आपली नावे हजेरीपटावर घातली. आता आपण कोणाची नावे घालणार?

मिशन रविवारचे आपले दान थेट याच शाळेला जाते असे नव्हे. ते विश्वव्यापी ख्रिस्तसभेच्या निधीत जमा होते आणि जगातील गरजू मिशन प्रदेशांकडे वाटून जाते. परंतु दान टाकताना ते कोणत्या प्रकारच्या जीवनाला आधार देते, हे ठाऊक असावे. ते धान्याच्या पोत्याला, वहीला, मच्छरदाणीला, शिक्षकाच्या तुटपुंज्या मानधनाला आधार देते. पैशाइतकीच प्रार्थनाही तेथे हवी आहे, कारण दक्षिण सुदानातील शांतता अद्याप कच्ची आहे. २०२५ च्या मार्चमध्ये तेथील प्रथम उपराष्ट्राध्यक्षांना नजरकैदेत ठेवण्यात आले आणि जुन्या युद्धाची छाया पुन्हा गडद झाली. मोठ्या देशांनी परदेशी मदतीला कात्री लावल्याचा फटकाही त्याच वर्षी अशा देशांना बसला.

आपल्या दारातही एक काम वाट पाहत आहे. आपल्या धर्मग्रामातील शाळेत, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडावर, स्थलांतरित मजुरांच्या वस्तीत अशी मुले आहेत, ज्यांची नावे जूनमध्ये हजेरीपटावर असतात आणि दिवाळीनंतर नसतात. ती कोठे गेली, हे विचारण्यासाठी आफ्रिकेस जावे लागत नाही. धर्मग्रामातील महिला संघटनांनी, युवक मंडळांनी आणि निवृत्त शिक्षकांनी एवढी एकच चौकशी नेमाने केली, तरी मिशन रविवार आपल्याकडे वर्षभर साजरा होईल.

येत्या रविवारच्या प्रार्थनेत रुम्बेकच्या मुलींचे आणि त्यांच्या शिक्षकांचे स्मरण करावे, अशी आम्ही वाचकांना नम्र विनंती करतो. पवित्र मरियामातेने त्या लेकींना आपल्या पदराखाली घ्यावे, आणि उद्या सकाळी नाव पुकारले जाईल तेव्हा प्रत्येकीचा ‘हजर’ हा शब्द ऐकू यावा, हीच प्रभुचरणी प्रार्थना.